अम्मीचा चाँद आणि भाट्याचं पाणी

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे दोन कॅलेंडरं लटकत असतात. एक सगळ्यांच्या घरी असतं ते, तिथी-सणवारांचं. दुसरं मशिदीजवळच्या दुकानातून आणलेलं, नमाजच्या वेळा आणि चाँदच्या तारखांचं. पहिल्यावर दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहिली जाते. दुसऱ्याकडे माझ्या मुलांचं लक्ष रमजान जवळ आला की जातं, एरवी नाही. ही दोन्ही कॅलेंडरं समुद्राचीही आहेत, हे त्यांना यंदाच्या सहलीत कळलं.

रत्नागिरीत राहून आम्ही समुद्रावर सहलीला जात नव्हतो, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. अम्मीचं माहेर राजिवड्याचं. घरात होडी, जाळी, सगळं होतं. तिचा थोरला भाऊ पावसाळा तोंडावर आलेला असताना होडी घेऊन गेला, तो परत आला नाही. अम्मी तेव्हा चौदा वर्षांची होती. मय्यत मिळाली नाही, म्हणून कबरही नाही. ईदला घरातले पुरुष कब्रस्तानात जाऊन येतात, तेव्हा अम्मी पडवीत खाडीकडे तोंड करून त्याच्यासाठी फातेहा पढते. अशा घरात ‘चला, पाण्यात खेळू’ असं कोण म्हणणार? आमची सहल म्हणजे पन्हाळा, नाहीतर कोल्हापूरचा रंकाळा.

यंदा डिसेंबरात भाईजान कुवेतहून सुट्टीवर आला. पोरं एकत्र जमली आणि भाट्याच्या सुरुबनात जायचा हट्ट सुरू झाला. माझी आठवीतली मुलगी म्हणाली, “नानी, कोल्हापूरची माणसं आपला समुद्र बघायला येतात आणि आपण त्यांचा तलाव बघायला जातो!” भाईजान हसला. मी अम्मीकडे बघायचं टाळलं. अम्मी काही न बोलता उठली, दारामागे गेली, कॅलेंडरवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “रविवारी रजबची सातवी हाय. दुपारचं पाणी लांब असेल. जाऊया.”

सातवीच का, हे पोरांनी तिला विचारलं. तिनं जे सांगितलं ते मी जरा मास्तरकीच्या भाषेत मांडते. अमावस्येला आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या सुमारास ओढ विभागली जाते, तेव्हा भांग. पाण्याला जोर कमी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज सुमारे पाऊण तास पुढे जाते. त्यावरून आपल्या किनाऱ्याचा जुना ढोबळ हिशेब: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी.

आपला महिना अमावस्येला नव्हे, चाँद डोळ्यांना दिसल्यावर सुरू होतो. म्हणून आपली तारीख तिथीच्या एखाद-दोन पावलं मागे असते. सातवी म्हणजे अष्टमीच्या आसपास, आणि चौदावी म्हणजे पौर्णिमेच्या. ‘चौदहवीं का चाँद’ ही उपमा मी वर्गात सुंदर चेहऱ्यासाठी शिकवते. राजिवड्याच्या बायकांसाठी तो उधाणाचा इशारा होता.

पण चाँद ऋतू सांगत नाही. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रजब कधी थंडीत येतो, कधी भर पावसात. म्हणून होड्या कधी ओढून घ्यायच्या आणि कधी लोटायच्या, हे अम्मीच्या घरी मिरग आणि नारळी पौर्णिमेवर ठरायचं. रोजच्या पाण्याला एक कॅलेंडर, वर्षाच्या पाण्याला दुसरं. यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही, कारण प्रश्न घरचा माणूस परत येण्याचा होता.

रविवारी सांदणं, सुकं मटण, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी बांधून आम्ही निघालो. भाट्याच्या पुलावर अम्मीनं गाडीची काच खाली केली. काजळी नदी समुद्राला मिळते त्या तोंडाकडे बोट दाखवून पोरांना म्हणाली, “हितं कधी उतरायचं नाय. ओहोटीला खाडीचं पाणी माणसाला बाहेर घेऊन जातं.” आम्ही खाडीपासून दूर, झरी विनायकाच्या बाजूला सुरुच्या सावलीत चटया टाकल्या.

नारळपाणीवाले काका शहाळं सोलता सोलता म्हणाले, “आज अष्टमी, काळजी नाय. भरती सहाला.” अम्मी म्हणाली, “सातवी. पण पाणी तेच.” दोघांनी मग शेवटचं मोठं उधाण कधी लागलं यावर असा वाद घातला की आम्ही शहाळी संपवून मोकळे झालो. शेजारी सांगलीहून आलेलं कुटुंब होतं. त्यांच्या आजींनी अम्मीला विचारलं, “तुम्ही मराठी किती छान बोलता, कुठं शिकलात?” अम्मीनं शांतपणे सांगितलं, “पाळण्यात.” आजी मनापासून हसल्या. मग त्यांनी आपली नातवंडं कुठवर गेलेली चालतील ते अम्मीला विचारलं, आणि दुपारभर अम्मी दोन घरांच्या पोरांना हाका मारत राहिली.

जोहरनंतर माझ्या मुलीनं तिचा हात धरला. अम्मी चालत ओल्या वाळूपर्यंत गेली, मग घोट्याएवढ्या पाण्यात. बुरख्याची कड भिजली. मला वाटलं, रडेल. ती ओठांतल्या ओठांत फातेहा पढली, ओंजळभर पाणी उचलून परत सोडलं आणि मुलीला म्हणाली, “तुझ्या मोठ्या नानांना पोहता येत होतं. चांद पण कळत होता. वारा नाय कळला त्या दिवशी.”

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडला पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली. आमच्या शिक्षक खोलीत तेव्हापासून समुद्राचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतं, नकोच ती जबाबदारी. भीती खरी आहे. पण किनाऱ्यावरची मुलं समुद्राला न ओळखता मोठी होणं जास्त धोक्याचं, असं मला वाटतं. ज्यांनी भाऊ गमावला त्या बाईनं आम्हाला तारीख काढून दिली, जागा निवडून दिली, कुठं उतरायचं नाही तेही सांगितलं.

जानेवारीत शाळा सुरू झाल्यावर मी सातवीच्या वर्गाला मराठीच्या तासाला घरचा अभ्यास दिला: भरतीची वेळ कशी काढतात ते घरच्या मोठ्यांना विचारून दहा ओळी लिहा. काहींनी मोबाईलवरून वेळा उतरवून आणल्या. काहींनी नीट हिशेब आणला. एका मुलानं एकच ओळ लिहिली होती: “आमच्या दादांना येत होतं, पण ते गेले.” त्या वहीवर मी शेरा लिहिला, ‘शेजाऱ्यांना विचार.’ तुमच्या घरी अजून कुणी विचारण्यासारखं असेल, तर या चाँदरातीला विचारून ठेवा.