समाजमंदिरात ‘फँड्री’ दाखवला तेव्हा

दरवर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत मराठी रंगभूमी दिन थाटात साजरा होतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी संस्थानिकांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ केलं, म्हणून सांगली नाट्यपंढरी. इतिहास खराच आहे. पण त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं. अडाणी कुणबी जोडप्याला भटजोशी कसा लुबाडतो, हे सांगणारं ते नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारलं. फुल्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. मग सातारा नाट्यपंढरी का नाही, असा प्रश्न आम्ही विचारला की सभ्य माणसं हसतात.

नाट्यगृह मिळालं नाही म्हणून आमची माणसं थांबली नाहीत. सत्यशोधक जलसे याच भागात गावोगाव फिरले, पुढे आंबेडकरी जलसे आले, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊंनी लोकनाट्य कामगारांच्या चौकात नेलं. हा वारसा सांगायला आम्हाला फार आवडतं. भाषणात तर फारच.

आम्ही पाचसहा जण या दोन जिल्ह्यांत वस्त्यांमधून काम करतो. शहरातल्या एका सभागृहात सिनेमा दाखवायचा म्हणून गेलो, तर भाड्याआधी ‘विषय काय?’ असं विचारलं गेलं. नाद सोडला आणि वस्तीतल्या समाजमंदिराची किल्ली मागितली. हे समाजमंदिर लग्न, १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि वर्षावासातलं ग्रंथवाचन सोडलं तर बंदच असतं. उसना प्रोजेक्टर, पांढरी चादर, जयंतीचे साउंड बॉक्स, खाली सतरंज्या. झालं आमचं कलाकेंद्र!

आधी जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ लावला. लोक आले, हात जोडून बसले, डोळे पुसत गेले. चर्चा शून्य. मग आनंद पटवर्धनांचा ‘जयभीम कॉम्रेड’. ११ जुलै १९९७ला रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसं मेली, तिथून सुरू होणारी तीन तासांहून मोठी फिल्म. पोरं झोपली, पण म्हातारी माणसं रात्री बारापर्यंत बोलत बसली. आम्ही खूश.

तिसरा ‘फँड्री’. नागराज मंजुळेंचा, २०१४चा. राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागे धावणारं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, त्या दृश्याला समाजमंदिर चिडीचूप झालं. त्याआधी मात्र डुकरामागच्या पळापळीला आमची पोरं खदाखदा हसत होती. पडद्यावरचं गावही हसत होतं. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तेव्हा टाळ्या पडल्या. व्यवस्थेवर दगड, वगैरे वगैरे आम्ही बोललो.

आठ दिवसांनी ओढ्यापलीकडच्या कैकाडी पालांतली एक बाई आम्हाला शोधत आली. “तुमी शिनेमा दावला आन् माझं पोरगं शाळंत जाईना झालंय. तुमची पोरं त्याला फँड्री म्हंत्यात.”

फँड्री म्हणजे तिच्या भाषेत डुक्कर. आमच्या पोरांना शिवी मिळाली होती, तीही आमच्या पडद्यावरून. आणि त्या रात्री ओढ्यापलीकडे निरोप द्यायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्यालाही नाही. श्रेणीबद्ध विषमता परीक्षेत दहा मार्कांना लिहिली होती.

आम्ही पोरांना घेऊन पालांवर गेलो, माफी मागितली. “पुढचा सिनेमा तुम्ही सांगा,” म्हणालो. आम्हाला वाटलं, ‘फँड्री’च परत मागतील, मग गंभीर चर्चा घडेल. ती म्हणाली, “तसला नगं. झिंगाटवाला लावा.” म्हणून ‘सैराट’ लावला. पंचवीसेक जण आले. सतरंजीवर जागा असून दारात चपलांजवळ बसले. आमच्या एका आक्कांनी हाताला धरून दोघींना पुढे आणलं, बाकीचे शेवटपर्यंत तिथेच. झिंगाटला मात्र सगळीच पोरं उठून नाचली.

दुसऱ्या दिवशी कमिटीतले एक आण्णा भेटले. “जयभीम. कार्यक्रम चांगला झाला. पण हॉल अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या योजनेतला हाय, त्यांचा संबंध काय?” कागदावर ते चूक नाहीत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि आमच्याकडे विमुक्त जातीत मोडतात. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींतले ते, त्यांना १९५२ साली मुक्त केलं आणि नंतर वेगळ्या रकान्यात टाकलं. रकाना सरकारचा आहे. दाराची किल्ली मात्र आपल्या खिशात आहे, एवढंच आम्ही आण्णांना म्हणालो. ते रागावले. दोन बैठका झाल्या, तिसरी रविवारी आहे.

तो मुलगा शाळेत जायला लागलाय. पुढच्या वेळी चादर बांधायला येतो म्हणालाय. कमिटीने नाही म्हटलं, तर चादर ओढ्यापलीकडे बांधायची असं आमच्यातल्या तिघांचं मत आहे, दोघांना ती पळवाट वाटते.