गोल ट्रान्सफॉर्मर

धाकट्याचं दुकान मोकळं करताना लोखंडी कपाटाच्या तळाशी तो सापडला. खोक्यातला, कोरा करकरीत. वायरींची टोकंसुद्धा सोललेली नव्हती. जाडजूड भाकरीएवढा गोल, मध्ये भोक. काट्यावर साडेचार किलो भरला.

धाकट्यानं तीस वर्षं त्या दुकानात विहिरीवरच्या मोटारी भरल्या, अॅम्प्लिफायर बांधले. हा ट्रान्सफॉर्मर एका मांडववाल्यासाठी आणलेला. मांडववाल्यानं मध्येच शहरातून तयार मशीन आणलं आणि वर दिलेला बयाणा परत मागितला. आणायला पैसे मी दिले होते, दुधाच्या बिलातले. ते मी वर्षभर धाकट्याला बोलून दाखवलं. मग त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. आता औषधं चालू आणि दुकानाचं भाडंही चालू.

भंगारवाला म्हणाला, "सहाशे देतो. आत लोखंडच जास्त हाय."

मला चाललं असतं. धाकट्यानं डाव्या हातानं बाजेची पाटी बडवली. "न्हा... न्हाई."

मग शेजारच्या गावचा एक पोरगा आला. भजनी मंडळांना अॅम्प्लिफायर बांधून देतो. त्यानं तो हातात घेतला तो लेकरू घ्यावं तसा. चौकोनी ट्रान्सफॉर्मरात पत्र्याचे तुकडे रचतात. यात पत्र्याची लांब पट्टी घट्ट गुंडाळून कडं करतात आणि त्यावर चहूकडून तार भरतात. सांधा नाही, म्हणून गुणगुण कमी, असं पोरगा मला सांगत होता. धाकटा त्याच्या तोंडाकडं बघत होता. मास्तर पाढे ऐकतो तसा.

धाकट्यानं भिंतीवरच्या टेस्ट बल्बकडं बोट केलं. शंभराचा बल्ब मध्ये घालून पोरानं लाइन दिली. बल्ब एकदा लखकन पेटला आणि विझल्यासारखा झाला. आत कुठं शॉर्ट असता तर तसाच जळत राहिला असता. लेबलावर ३५-०-३५ लिहिलेलं. मीटरवर दोन्ही बाजूंना छत्तीस-छत्तीस आले. बिनलोडाचं एवढं जास्त येतंच म्हणे.

मी दोन हजार सांगितले, तो दीडवर अडला. सतराशेला तुटलं. महिन्याच्या गोळ्या निघाल्या.

पोरगा निघाला तर धाकटा चुळबुळायला लागला. मधला बोल्ट हातात धरून वरच्या टोकावर पंजा ठेवायचा आणि मान हलवायचा. मला काही उमजेना. पोरगा म्हणाला, "कळलं अण्णा. बोल्टाचं वरचं टोक झाकणाला लागू द्यायचं न्हाई." खाली पेटी, वर झाकण, मध्ये बोल्ट, असं कडं पुरं झालं की तेच तारेचा एक वेढा होऊन बसतं, त्यातून भलता करंट फिरतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. हे त्यानं मला रस्त्याला लागल्यावर समजावलं. तीस वर्षं त्या दुकानात मी चहा पीत बसलो, पण हे मला ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांनी तो अॅम्प्लिफायर घेऊन परत आला. मला रामराम नाही, सरळ बाजेपाशी. धाकट्यानं झाकण काढायला लावलं, परत ठेवायला लावलं, वाकून फटीत बघितलं. फट होती. तरी त्याचं समाधान होईना. दाराशी लटकलेल्या सायकलच्या जुन्या ट्यूबकडं त्यानं बोट दाखवलं, आणि मी कात्री शोधायला उठलो.