हुगळीकाठी छापलेली मराठी

मूलच्या महाविद्यालयात मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना दर वर्षी फळ्यावर एक ओळ यायचीच : विल्यम केरी, श्रीरामपूर, 1805. मुलांना वाटायचं, हे नगरकडचं श्रीरामपूर. मग सांगावं लागायचं की हे गाव बंगालमध्ये आहे, हुगळीच्या काठावर, आणि केरी तिथे गेला तेव्हा गावावर झेंडा होता तो इंग्रजांचा नव्हे, डेन्मार्कच्या राजाचा. केरीच्या नावाखाली मी आणखी एक नाव लिहायचो : वैजनाथ शर्मा कानफाडे, नागपूर. ‘नागपूर’ म्हटलं की मागच्या बाकांवरच्या माना वर व्हायच्या. पुण्या-मुंबईच्या नावांनी भरलेल्या त्या इतिहासात आपल्याकडचं कोणी आहे, याचं मुलांना अप्रूप वाटायचं. मला स्वतःलाही ते होतं, आणि निवृत्तीनंतर ते गाव डोळ्यांनी पाहायचं हे पक्कं होतं.

मूल-मारोडा स्टेशनवरून गोंदिया, तिथून हावड्याची गाडी, आणि हावड्याहून लोकल. आमच्या झाडीपट्टीतून डेन्मार्कचा वारसा पाहायला जाण्याची वाट इतकी सरळ आहे. बंडेलकडे जाणारी लोकल अर्ध्या-पाऊण तासात श्रीरामपूरला सोडते. स्टेशनबाहेर टोटो, म्हणजे ई-रिक्षा, मिळतात, पण नदी जवळच असल्यामुळे मी आणि पत्नी चालतच निघालो. माशांचा बाजार, मिठाईची दुकानं, सायकलींची गर्दी पार केली की रस्ता एकदम मोकळा होतो आणि समोर दोन-दोन खांबांच्या जोड्यांवर उभं असलेलं पांढरं देऊळ दिसतं. ते सेंट ओलाव्ह चर्च.

डॅनिश लोक भारतात आले 1620 मध्ये. तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून त्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरचं तरंगमबाडी मिळवलं आणि डान्सबोर्गचा किल्ला बांधला. पुढे तंजावर व्यंकोजीराजे भोसल्यांकडे आलं, तेव्हा तरंगमबाडीच्या डॅनिशांना मराठी राजांशी जमवून घ्यावं लागलं आणि जमिनीपोटी दरबारात खंडणी भरावी लागली. तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनमध्ये आलेला श्वार्ट्‌झ हा जर्मन पाद्री पुढे सरफोजीराजांचा गुरू झाला. म्हणजे दक्षिणेत डॅनिशांची गाठ पडली तंजावरच्या भोसल्यांशी. बंगालमध्ये ती नागपूरकर भोसल्यांशी पडली, पण फार वेगळ्या रीतीने.

चर्चसमोरच्या चहाच्या टपरीवर एका वयस्कर गृहस्थांनी आमची चौकशी केली. नागपूरच्याही पलीकडून आलो म्हटल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “नागपूर? दादा, म्हणजे बर्गी तुमच्याकडचेच ना?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. लहानपणी आजी झोपवताना बर्गी आल्याचं गाणं म्हणायची, हे त्यांनी सांगितलं. मी ऐकत राहिलो. 1742 पासून नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या फौजा, म्हणजे हेच बर्गी, भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून गेल्या, ते आम्ही पराक्रम म्हणून वाचतो. इथे ते पोरांना झोपवण्याच्या गाण्यात भीती बनून उरलं आहे. 1751 मध्ये नवाब अलिवर्दी खानाने रघुजींना चौथ कबूल केली आणि ओडिशाचा ताबा सोडला, तेव्हा स्वाऱ्या थांबल्या. त्यानंतर चारच वर्षांनी, 1755 मध्ये, त्याच अलिवर्दी खानाच्या परवान्याने डॅनिशांनी इथे वखार घातली आणि राजा पाचव्या फ्रेडरिकच्या नावावरून गावाला फ्रेडरिक्सनगर म्हटलं. “आमच्याकडच्या माणसांनी इथे पुस्तकंही केली आहेत,” मी त्यांना सांगितलं. “मग ती बघायलाच आलात होय,” असं म्हणून त्यांनी कॉलेजची वाट दाखवली आणि चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

चर्च नीट पाहायचं तर आधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहावं. त्रिकोणी कमानपट्टीवर मुकुटाखाली गुंफलेली अक्षरं आहेत. ती सातव्या क्रिश्चियन राजाची मुद्रा. 1800 मध्ये गव्हर्नर ओले बी याने हे काम हाती घेतलं आणि 1806 मध्ये ते पुरं झालं. ओले बी मात्र 1805 मध्येच वारला. इथल्या डॅनिश दफनभूमीत त्याची कबर आहे. मधल्या काळात चर्चचं छत धोकादायक झालं आणि ते बंद ठेवावं लागलं. मग डेन्मार्कचं राष्ट्रीय संग्रहालय आणि पश्चिम बंगालचा वारसा आयोग यांनी मिळून गावातल्या डॅनिश वास्तू सावरायला घेतल्या. चुना, सुरखी, सागवानी तुळया अशी जुन्या रीतीची कामं झाली. 2016 मध्ये चर्च पुन्हा उघडलं आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार त्याला मिळाला. नदीकाठी 1786 ची डेन्मार्क टॅव्हर्न पडझडीतून उभी केली आहे. 2018 पासून तिथे खाली कॉफी मिळते आणि वर राहण्याच्या खोल्या आहेत. आम्ही तिच्या व्हरांड्यात बसून पलीकडच्या काठावरचं बराकपूर पाहिलं. तिथे इंग्रज गव्हर्नर जनरलचा वाडा होता आणि मधल्या पाण्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर दुसऱ्या राजाचं राज्य.

मराठीच्या दैवात हे अंतर फार मोलाचं ठरलं. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. विल्यम केरी हा इंग्लंडमधला चांभारकाम करणारा माणूस. 1793 मध्ये तो बंगालमध्ये आला आणि पुढे नीळ कारखान्यावर नोकरी करून दिवस काढत होता. त्याचे सोबती मार्शमन आणि वॉर्ड 1799 मध्ये आले, तेव्हा कंपनीने त्यांना परत पाठवण्याचा घाट घातला. ओले बीने त्यांना हाकलायला नकार दिला आणि आपल्या गावात आसरा दिला. 10 जानेवारी 1800 रोजी केरी श्रीरामपुरात आला आणि त्याच वर्षी मिशन प्रेस सुरू झाली. पंचानन कर्मकार हा बंगाली कारागीर तिथे खिळे कोरायला आला. पोलादाच्या ठशावर एकेक अक्षर उलटं कोरायचं, त्यावरून साचा करायचा, साच्यात धातू ओतायचा. देवनागरीत जोडाक्षरं शेकड्यांनी, तेवढे ठसे वेगळे. पंचाननच्या मागे त्याचा जावई मनोहर याने ते काम चालवलं.

केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत असे. तिथे मराठीचे मुख्य पंडित होते नागपूरचे वैजनाथ. 1805 मध्ये केरीचं मराठी व्याकरण छापून निघालं, त्यामागे वैजनाथांचा आधार होता. 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, तो मोडी खिळ्यांत. 11 मार्च 1812 च्या रात्री छापखाना जळाला. कागद, हस्तलिखितं, खिळे गेले. पण पोलादी ठसे ढिगाऱ्यात शाबूत सापडले, वितळलेला धातू गोळा करून नवे खिळे ओतले आणि यंत्रं पुन्हा चालू झाली. म्हणूनच 1814 मध्ये ‘सिंहासन बत्तिशी’, 1815 मध्ये ‘हितोपदेश’ आणि 1816 मध्ये ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ ही वैजनाथांची मराठी पुस्तकं निघू शकली. त्याच मालिकेत ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’ही आहे. ज्या हुगळीकाठाने रघुजींच्या घोडेस्वारांची दहशत पाहिली, तिथेच रघुजींच्या घराण्याची हकिकत मराठीत छापली गेली.

श्रीरामपूर कॉलेज 1818 चं. समोर नदी, उंच खांबांची दर्शनी बाजू, आणि आत डेन्मार्कच्या राजाने भेट म्हणून धाडलेला बिडाचा जिना. 1827 मध्ये राजा सहाव्या फ्रेडरिकने या कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार सनदेने दिला. परवानगी घेऊन केरी ग्रंथालयात गेलो. मिशन प्रेसचे जुने ग्रंथ इथे जपले आहेत. सोबत मी 1810 च्या कोशाच्या एका पानाची छापील प्रत घरूनच आणली होती. कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून ती उघडली. मोडीतला शब्द, पुढे इंग्रजी अर्थ, अशा ओळी. हाताने लिहिलेली मोडी मला आजोबांमुळे ठाऊक होती. मालगुजारीच्या काळातली तलावाची, धानाच्या शेतीची कागदपत्रं ते बोट फिरवत वाचत. हाताच्या मोडीत लेखणी न उचलता अक्षरं एकमेकांत वाहत जातात. इथे मात्र प्रत्येक अक्षर सुटं उभं होतं, कारण खिळा सुटा असतो. वरची रेघ जिथे दोन खिळे भेटतात तिथे केसाएवढी तुटलेली दिसते. मनोहर आणि त्याच्या सोबत्यांना ही भाषा येत नव्हती, लिपी रोजच्या वापरातली नव्हती, तरी वळणं चुकलेली नाहीत. त्यांना ती वळणं दाखवणारं कोणीतरी मराठी माणूस जवळ असणार. मी ते पान बराच वेळ हातातून खाली ठेवलं नाही.

वैजनाथांच्या मराठीला पुढे मान मिळाला नाही. मुंबईत अमेरिकन मिशन आलं, त्यांनी बायबलचं भाषांतर नव्याने केलं. प्रमाण मराठी घडली ती पुण्या-मुंबईत, कँडी आणि मोल्सवर्थ यांच्या कोशांच्या वळणाने. नागपूरकडची बोली छापील भाषेतून मागे पडली. आमच्या झाडीबोलीला तर ‘अशुद्ध’ हा शिक्का अजून सोसावा लागतो. वर्गात तोंड उघडायला लाजणारी मुलं मी आयुष्यभर पाहिली आहेत. त्या मुलांना हे कळायला हवं की छापील मराठी गद्याच्या पहिल्या पिढीत पूर्वेकडचा माणूस होता आणि कोणाची परवानगी न मागता तो आपल्या मराठीत लिहीत होता.

या गावाचं आमच्या भागाशी आणखी एक नातं आहे, ते जंगलाचं. प्रवासाआधी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी ते दाखवून दिलं होतं. मूलहून सोमनाथकडे जाताना कुंभीची झाडं लागतात. हिवाळ्याच्या अखेरीला तिची रुंद पानं तांबडी होऊन गळतात, मग पांढऱ्या पाकळ्या आणि गुलाबी तंतूंची फुलं येतात आणि सकाळी झाडाखाली त्यांचा सडा पडतो. हिरवं गोल फळ, टोकाला बाह्यदलं तशीच चिकटलेली. या कुंभीचं शास्त्रीय नाव केरिया आर्बोरिया. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक रॉक्सबर्ग याने ते आपल्या मित्राच्या, विल्यम केरीच्या नावावरून ठेवलं. केरीची श्रीरामपुरात मोठी बाग होती आणि रॉक्सबर्गचा ‘फ्लोरा इंडिका’ हा ग्रंथ केरीनेच मिशन प्रेसमध्ये छापला. धावड्याच्या शास्त्रीय नावामागे ‘वॉल’ अशी खूण असते, ती नॅथॅनिएल वॉलिक याची. तो कोपनहेगनचा, 1807 मध्ये डॅनिश वसाहतीचा शल्यवैद्य म्हणून श्रीरामपुरात आला. पुढच्या वर्षी इंग्रजांनी गाव घेतलं, तो कैदी झाला आणि सुटल्यावर वनस्पती उद्यानाच्या कामी लागून पुढे तिथला प्रमुख झाला. मोहाच्या नावाला जोडलेला केनिग हा तरंगमबाडीच्या मिशनचा डॉक्टर, लिनियसचा शिष्य. मोह, धावडा, कुंभी. आमच्या बायाबापड्या पहाटे टोपली घेऊन ज्या जंगलात मोहफुलं वेचायला जातात, तिथल्या या झाडांच्या वैज्ञानिक ओळखीत या दोन डॅनिश गावांचा वाटा आहे.

संध्याकाळी मिशनच्या दफनभूमीत केरीच्या कबरीवर पत्नीने फुलं वाहिली. तो 9 जून 1834 रोजी गेला. त्यानंतर अकरा वर्षांनी, 1845 मध्ये, डेन्मार्कने श्रीरामपूर आणि तरंगमबाडी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकली. त्यांचं राज्य संपलं, व्यापार तर त्याआधीच बुडाला होता. उरल्या त्या इमारती, कॉलेज आणि पुस्तकं.

डेन्मार्कने इतक्या लांबून येऊन आपल्या राजाच्या मुद्रेची, आपल्या सरायांची काळजी घेतली, हे मला मनापासून आवडलं. आपला तिथे असलेला ठेवा मात्र आपणच विसरलो आहोत. पूर्व विदर्भातून पुरीला, गंगासागरला, कलकत्त्याला दर वर्षी कितीतरी लोक जातात. त्यांना माझं सांगणं आहे की एक सकाळ श्रीरामपूरसाठी ठेवा. हावड्याहून लवकरची लोकल धरा. आधी चर्च, मग नदीकाठाने टॅव्हर्न, मग कॉलेज आणि दफनभूमी, सगळं पायी होतं. ग्रंथालय पाहायचं असेल तर आधी पत्र पाठवून परवानगी घ्या. आणि चंद्रपूर, गडचिरोली, नागपूरच्या महाविद्यालयांनी एवढं करावं : केरीच्या व्याकरणाचं मुखपृष्ठ आणि मोडी कोशाचं एक पान आज संगणकावर सहज मिळतं, ते मोठं छापून मराठी विभागाच्या भिंतीवर लावावं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत वैजनाथ शर्मा कानफाडे, नागपूर, असं लिहावं.