माशी खाणारं लाल रोप

व्हीनस फ्लायट्रॅप बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं असतं: हिरवं पान, टोकाला दातेरी जबडा, आतून लालसर. माझ्या गच्चीवर त्याचा 'अकाई र्‍यू' नावाचा वाण आहे. जपानीत अर्थ होतो 'लाल ड्रॅगन'. भरपूर ऊन मिळालं की अख्खं रोप काळपट लाल होतं. हा वाण १९९६ मध्ये अमेरिकेत नोंदला गेला. बियांतून तो जसाच्या तसा येईल याची खात्री नसते, म्हणून कंद विभागून किंवा केळीसारखी टिश्यू कल्चरने रोपं करतात. म्हणजे जगभरातले अकाई र्‍यू मुळात एकाच रोपाचे तुकडे.

घरी येणारा पाहुणा विचारतो, "हे मांसाहारी ना?" आणि बोट पुढे करतो. मी हात धरतो. जबड्यात बारीक केस असतात. साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला, तरच तो मिटतो. पावसाच्या एखाद्या थेंबाने फसू नये, म्हणून ही सावधगिरी. एक जबडा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटतो. आपल्या गंमतीत त्यातली एक खेप फुकट जाते.

'मांसाहारी' म्हणतानाचा तो सूर माझ्या ओळखीचा आहे. शाळेत आमच्या डब्यानेही तो ऐकलाय. पण हे रोप क्रूर नाही. ते मूळचं उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनातलं. तिथल्या ओलसर, रेताड मातीत नत्र नावालाच. अन्न ते इतर झाडांसारखं उन्हातच तयार करतं. मातीने जे दिलं नाही, तेवढंच माशीकडून घेतं. हे ऐकून अम्मी म्हणाली, "म्हणजे गरिबाघरचंच की बिचारं."

पाण्याच्या बाबतीत मात्र ते हट्टी. बोअरच्या क्षारांनी मरतं. आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नळाच्या पाण्याची कित्येक दिवस वाट बघावी लागते. तिथे मी गच्चीच्या पाइपाखाली ड्रम लावून याच्यासाठी पावसाचं पाणी साठवतो. उन्हाळ्यात त्या ड्रमावर अम्मीचा पहारा असतो.

याचा एक भाऊबंद आपल्याकडे कासच्या पठारावर आहे: दवबिंदू. जांभ्यावरच्या पातळ मातीत उगवतो, पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरतो. पावसाळ्यात गेलात तर वाकून बघा, उपटू नका. कॅरोलिनातली रानटी रोपं इतकी चोरीला गेली, की उत्तर कॅरोलिनाने २०१४ मध्ये ती चोरी गंभीर गुन्हा ठरवली. हौसेसाठी टिश्यू कल्चरची रोपं आहेत. रानातली रानातच राहू द्या.