उलासाईची निळी फीत

सार्डिनियाला जाणारे बहुतेक जण समुद्रासाठी जातात. आम्ही मात्र कालियारीहून गाडी घेऊन बेटाच्या पूर्वेकडच्या डोंगरांत, उलासाईला गेलो. चुनखडीच्या उभ्या कड्याला टेकून बसलेलं लहानसं गाव.

मारिया लाई इथल्या. जन्म १९१९चा. व्हेनिसला आर्तुरो मार्तिनींकडे शिल्पकला शिकल्या, पण पुढे माग, दोरा, पाव अशा घरातल्याच वस्तूंकडे वळल्या. गावाबाहेरच्या जुन्या रेल्वे स्टेशनात त्यांचं संग्रहालय आहे. तिथली शिवलेली पुस्तकं चुकवू नका. कापडी पानांवर काळ्या दोऱ्याच्या ओळी लांबून अक्षरांसारख्या दिसतात. जवळ गेलं तर एकही शब्द लागत नाही.

मी गेले होते ती १९८१च्या फितीसाठी. गावाने त्यांच्याकडे युद्धात मेलेल्यांचं स्मारक मागितलं होतं. त्यांना जिवंत माणसांसाठी काही करायचं होतं. गावात एक जुनी गोष्ट सांगतात: मेंढपाळांना पाव पोचवायला गेलेली मुलगी वादळात गुहेत थांबते, बाहेर उडणारी निळी फीत पाहून तिच्यामागे धावते, आणि मागे गुहा कोसळते. ती फीत घराघरांतून नेऊन गाव डोंगराला बांधायचं, असं त्यांनी सुचवलं.

लोक तयार होईनात. भाऊबंदकी आणि वर्षानुवर्षांचा अबोला तिथेही होताच. नको त्या शेजाऱ्याशी दार कोण जोडून घेणार? शेवटी तोड निघाली. जिथे मैत्री, तिथे फितीला गाठ. जिथे प्रेम, तिथे लग्नाकार्यात करतात तो नक्षीचा पाव बांधायचा. जिथे वैर, तिथे फीत गाठीविना सरळ जाईल. ८ सप्टेंबरला सुमारे २७ किलोमीटर निळं कापड गावभर फिरलं आणि गिर्यारोहकांनी त्याचं टोक वर डोंगरावर नेलं.

मला यातली सरळ गेलेली फीत सर्वांत आवडते. बाईंनी कुणाला खोटं गळ्यात पडायला लावलं नाही.

त्या दिवसाचे पिएरो बेरेंगो गार्दिन यांनी काढलेले फोटो कृष्णधवल आहेत. त्यांतली फीत लाईंनी नंतर निळी रंगवली. फोटो पाहून मी गावातल्या गल्ल्यांतून हिंडले. खिडक्या, गॅलऱ्या, अरुंद जिने, सगळं ओळखीचं वाटत होतं. कुठली फीत कुठे सरळ गेली होती, ते विचारायचा मोह झाला. पण दारात बसलेल्या आजींकडे पाहून नुसतं हसले आणि पुढे गेले.