रिकामी कळ

विभागातल्या संगणकावर उबुंटूची २०.०४ ही आवृत्ती होती. तिची नियमित देखभाल मे २०२५ मध्ये संपली, तेव्हा ती बदलणे भाग पडले. २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, वाटेत २२.०४ वर मुक्काम करावा लागतो. एका शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी हा प्रवास उरकला आणि संगणक पुन्हा सुरू केला.

प्रथमदर्शनी आम्ही सुखावलो, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी एखादा लांबलचक प्रबंध भरभर सरकवला की पडद्यावर मध्येच कुठेतरी ओळ फाटत असे. वरच्या भागात एक चित्र, खालच्या भागात दुसरेच; शिरोरेषा एकीकडे आणि अक्षरांचे पाय भलतीकडे. आता पान अखंड सरकत होते.

वरवर पाहता केवळ आवृत्तीचा आकडा बदलला होता. खरा बदल पडद्यामागे झाला होता. खिडक्या, अक्षरे, चित्रे पडद्यावर मांडणारी एक्स विंडो ही प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि इतकी वर्षे तीच आमच्या डोळ्यांपुढे मराठी मांडत होती. तिची जागा आता वेलँडने घेतली होती. हा प्रकल्प क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये आरंभिला. या नव्या व्यवस्थेत प्रत्येक प्रोग्रॅम आपले पान पूर्ण रंगवून देतो आणि मांडणी करणारा प्रोग्रॅम केवळ पूर्ण झालेली पानेच पडद्यावर आणतो. अर्धवट खर्डा वाचकापुढे जात नाही. ही संपादकी शिस्त आम्हांला मनापासून आवडली.

मग ‘दुसऱ्या’ हा शब्द टंकायला गेलो आणि ‘दुस्या’ उमटला. कॅप्स लॉकचा दिवा तेवढा लागला.

ही कॅप्स लॉकची कळ म्हणजे आमच्या दिवंगत विभागप्रमुखांची करणी होती. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’साठी शिफ्ट दाबून ‘र’ची कळ दाबावी लागते. सरांची बोटे उतारवयात आखडली होती; दोन कळा एकदम दाबणे त्यांना जड जाई. त्यांनी कुणाकडून तरी शिकून चार ओळींची एक फाईल केली आणि ‘ऱ’ला कॅप्स लॉकच्या जागी बसवले. सर गेल्यावरही आम्ही ती कळ वापरत राहिलो. फाईल मात्र कधी उघडून पाहिली नव्हती.

जुन्या व्यवस्थेत कोणताही प्रोग्रॅम सर्वांचा कळफलक बदलू शके. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या खिडकीत काय टंकले जात आहे तेही चोरून वाचू शके. वेलँडने ही मोकळीक बंद केली. ते योग्यच झाले. पण चोरासाठी लावलेल्या कडीमुळे घरातले माणूसही बाहेर राहिले.

परतीची वाट होती. प्रवेशाच्या पडद्यावरील दातेरी चाकावर टिचकी मारली की २४.०४ मध्ये जुनी एक्स व्यवस्था निवडता येते. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या २५.१० या आवृत्तीतून ती सोय काढून टाकली गेली. आज टाळलेले उद्या करावेच लागणार होते. म्हणून आम्ही सरांची फाईल प्रथमच उघडली.

चार ओळींच्या वर आणखी एक ओळ होती, उद्गारचिन्हाने सुरू होणारी: ‘मराठीत मोठी अक्षरे नाहीत, ही कळ रिकामीच पडून होती.’ अशा फायलीत उद्गारचिन्हामागची ओळ संगणक वाचत नाही. ती पुढे कधीतरी फाईल उघडणाऱ्यासाठी असते. आम्ही ती उघडायला इतकी वर्षे लावली. हस्तलिखितांच्या समासातील टिपा वाचायला आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवतो, आणि ही टीप रोज आमच्या बोटांखाली होती.

कळफलकाचा नकाशा आता वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या व्याकरणात लिहावा लागतो. दोन संध्याकाळी चुका करत आम्ही तो लिहिला. तिसऱ्या दिवशी कॅप्स लॉक दाबताच ‘ऱ’ उमटला. सरांची ती ओळही आम्ही नव्या फाईलमध्ये उतरवून घेतली. तिथे टिपेआधी उद्गारचिन्ह चालत नाही, दोन तिरप्या रेषा द्याव्या लागतात. तेवढा पाठभेद आम्ही केला. खाली आमची एक ओळ जोडली: ही नक्कल कोणत्या साली, कशासाठी केली. पुढची आवृत्ती बदलणाऱ्याला ती सापडावी.