उन्हात चुंबक दमतं का?

खानदेशातला मे महिना काय असतो, ते जळगाव-धुळ्याच्या मुलांना सांगायला नको. पारा ४५ अंशांपुढे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात. आपण सावलीत बसतो. पण यंत्रांचं काय? विजेवर चालणाऱ्या बहुतेक स्कूटरच्या मोटरीत निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं चुंबक असतं. सुटीत धुळ्याहून जळगावला आलेल्या माझ्या भाच्यानं विचारलं, "मामा, उन्हात चुंबक दमतं का?"

प्रश्न झकास होता! आम्ही प्रयोगच करायचं ठरवलं. मोडक्या हेडफोनमधलं चकतीएवढं निओडिमियमचं चुंबक घेतलं आणि जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं काळं फेराइटचं. प्रत्येकाला किती टाचण्या चिकटतात ते मोजलं. मग दोन्ही चुंबकं दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवली आणि थंड झाल्यावर पुन्हा मोजलं. काळ्याला पहिल्याइतक्याच टाचण्या चिकटल्या. चकतीला मात्र चौदाऐवजी नऊच! दुसऱ्या दिवशीही नऊच.

असं का झालं? चुंबकातले अणू म्हणजे कवायतीला उभी असलेली मुलं समजा. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, म्हणून जोर जास्त. ऊब वाढली की चुळबूळ सुरू होते आणि जोर थोडा घटतो. निओडिमियमच्या चुंबकात दर अंशाला साधारण ०.११ टक्के. म्हणजे २५ अंशांवरून ४५ वर गेलं, तर जेमतेम सव्वादोन टक्के. गार झालं की हा जोर परत येतो.

खरी मेख पुढे आहे. दिशा न सोडण्याची चुंबकाची एक चिकाटी असते. ती दर अंशाला ०.६ टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणजे जोरापेक्षा पाचपट वेगानं! चिकाटी फार कमी झाली की काही मुलं पाठ फिरवतात आणि गार झाल्यावरही वळत नाहीत. आमच्या पाच टाचण्या अशाच गेल्या. साध्या निओडिमियम चुंबकाची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते. फेराइटची चिकाटी उलट उष्णतेत वाढते. पण त्याची ताकद फारच कमी.

आता धुळ्याजवळचा लळिंग घाट डोळ्यांसमोर आणा. भर दुपारी स्कूटरवर तिघं बसून चढ चढताहेत. मोटरीच्या तारांतून जास्त वीज वाहते, तारा तापतात, चुंबकही तापतं. शिवाय त्याच विजेचं चुंबकत्व त्याला उलट दिशेनं ढकलू शकतं. नुसत्या उन्हानं चुंबक मरत नाही, बरं का! पण ४५ अंशांवरूनच सुरुवात झाली, तर मर्यादेपर्यंतचं अंतर तेवढं कमी उरतं.

यावर इलाज आहे. जपानच्या मासातो सागावा यांनी १९८२ साली हे चुंबक बनवलं, तेव्हा ते उष्णतेत टिकेना. त्यांनी थोडं डिस्प्रोशियम मिसळलं आणि चिकाटी वाढली. म्हणून मोटरीसाठी १५०, १८० अंशांपर्यंत टिकणारी चुंबकं मिळतात. पण डिस्प्रोशियम महाग आणि बहुतांशी चीनमधून येणारं. एप्रिल २०२५ मध्ये चीननं त्याच्या आणि अशा चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रणं आणली आणि भारतातल्या वाहन कारखान्यांना टंचाई जाणवली. म्हणजे चिमूटभर धातूसाठी आख्खी स्कूटर अडू शकते!

डिस्प्रोशियम न वापरता उष्णतेत टिकणारं चुंबक कसं करायचं, यावर जगभर संशोधन चालू आहे. ४५ अंशांचा अनुभव असलेल्या खानदेशातल्या मुलांनी त्यात का पडू नये?

प्रयोग करून पाहा, पण उकळतं पाणी मोठ्यांनीच हाताळावं. आणि पालकहो, ही छोटी चुंबकं लहानग्यांपासून दूर ठेवा. दोन गिळली गेली, तर पोटात एकमेकांना चिकटून जिवावर बेततं.